एक जूनचा वाढदिवस

माळवस्ती, विंचूरजवळ
३ मे २०२५

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास हे मला तीन दिवसांनी कळलं. तोवर मी समजत होते, नाशिकला तुमच्या इंदिरानगरात रेंज नसेल. मग माझ्या हर्षालीने तिच्या मोबाइलवर तुझा फोटो दाखवला, नव्या शर्टातला, आणि माझ्या मोबाइलवर तुझ्या जागी नुसता राखाडी गोल. टपालाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. एकवीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहून माझं अक्षर चांगलं झालंय. वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही.

तुझ्या संजनाच्या लग्नाची पत्रिका मी विंचूरच्या छापखान्यात पाहिली. अंगणवाडीचा फलक आणायला गेले होते, टेबलावर गठ्ठा बांधून ठेवलेला. चि. सार्थक आणि चि. सौ. कां. संजना, बुधवार दिनांक ४ जून, स्थळ माळवस्ती. खाली निमंत्रकांत झाडून सगळे भाऊबंद होते, आत्या तेवढी नव्हती. छापखानेवाला म्हणाला, "मैनाताई, तुमच्याच घरचं लगीन ना?" मी म्हणाले, हो, आमच्याच घरचं. मग बाहेर येऊन तुला फोन लावला. "तुझा काय संबंध?" एवढं बोलून तू ठेवलास.

नाव नाही याचा राग आला, तो लपवत नाही. पण भांडण त्याचं नाही. संजना आज सोळा वर्षं सहा महिन्यांची आहे. हे तुला माहीत आहे, सविता वहिनीला माहीत आहे, आणि मला तर तिचं पहिलं वजनसुद्धा पाठ आहे. मुलीचं लग्न अठराच्या आत होत नाही, हे मी दर महिन्याला गावातल्या बायकांना सांगते. गावच्या बाल संरक्षण समितीची मी सचिव आहे. मागच्या वर्षी सखुबाईच्या नातीचं लग्न मी मांडवात जाऊन थांबवलं, तेव्हा सखुबाई रस्त्यात मला उभं राहून बोलली होती. आता माझ्याच भावाच्या घरी मांडव पडला, तर तिने मला काय म्हणावं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आणि तिचं बरोबरच असेल.

मागून वार करायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून आधी सांगते. पंधरा मेपर्यंत तू स्वतः सार्थकच्या घरी जा आणि लग्न पुढे ढकल. कारण काहीही सांग, बोल मला लाव, मी ऐकून घेईन. पंधरा तारीख गेली तर मी सरकारी दार ठोठावणार. याला धमकी म्हण नाहीतर सूचना म्हण.

तुला हे कुणी सांगितलं, असं विचारशील. कुणी नाही. पत्रिका पाहिली, एवढंच.

मैना

१२ मे २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. पत्र लिहायला तुला वेळ नाही, पण बहिरूकाकांना नाशिकहून धाडायला आहे. काका ओट्यावर बसले, एक चहा घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाले, "मैने, संतोष म्हनतो दाखला बघ. एक जूनला पोरीला अठरा पुरं व्हत्यात. लगीन चारला हाय. कायद्यात बसतं. तू कशाला मधी पडती?"

कायद्यात बसतं हे खरं आहे. ते कायद्यात कुणी बसवलं, ते आज लिहून ठेवते, म्हणजे पुढे तुझ्या-माझ्यात वाद नको.

जून २०१३. हर्षालीला पहिलीत घालायचं होतं. तुम्ही तेव्हा इथेच वस्तीवर होता. दोघी मामे-आतेबहिणी एका ताटात जेवायच्या, एका गोधडीत झोपायच्या. हर्षाली शाळेत जाणार म्हटल्यावर संजनाने दोन दिवस अन्न सोडलं. ती साडेचार वर्षांची. शाळा हायवेच्या पलीकडे. तू म्हणालास, "मैना, दोघी हात धरून जातील, आणि हिचं वर्षही वाचेल." शाळेतले गुरुजी म्हणाले, अंगणवाडीचं पत्र आणा, घेतो. गुरुजी तेव्हा निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जून लिहायचे. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, कांदा काढायला आला होता, थंडी पडली होती, एवढंच आठवायचं. एकाच दिवशी आपल्या गावात इतकी पोरं जन्मली की तालुक्याच्या सगळ्या सुइणी आल्या असत्या तरी पुरल्या नसत्या.

पण संजनाची खरी तारीख मला ठाऊक होती. माझ्याच हाताने ती लिहिलेली होती. तरी मी कोरा कागद घेतला, जन्मतारीख १ जून २००७ असं लिहिलं, सही केली आणि अंगणवाडीचा शिक्का मारला. हर्षालीचीही तीच टाकली, दोघी जुळ्या वाटाव्यात म्हणून. तू पेढे आणलेस, मी दोन खाल्ले. तेव्हा वाटलं, पोरीचं भलं केलं. मी तिला कागदावर सतरा महिन्यांनी मोठी केली, आणि आज तेच सतरा महिने वापरून तू तिला बोहल्यावर चढवतो आहेस.

अजून एक. मागच्या पत्रात लिहिलं की मला कुणी सांगितलं नाही. ते खोटं होतं. पत्रिका मी नंतर पाहिली. वीस एप्रिलला संजनाने मैत्रिणीच्या मोबाइलवरून मला फोन केला होता. क्लासच्या कोपऱ्यावर बंटी नावाचा मुलगा मोटरसायकल लावून उभा असतो, त्याने तिचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला आणि खाली घाण लिहिलं. तिने हे घरी येऊन सांगितलं. तू क्लास बंद केलास, तिचा मोबाइल काढून घेतलास आणि तीन आठवड्यांत स्थळ पक्कं केलंस. तिने मला विचारलं, "आत्या, मी घरी सांगितलं तेच चुकलं का?"

मी एवढी सभांमध्ये बोलणारी बाई, आणि मी तिला जेवलीस का ते विचारलं.

तुझी भीती मला कळते, दादा. तिच्या अंगावर शिंतोडा उडू नये म्हणून तू तिला दुसऱ्याच्या घरात ठेवायला निघालास. सार्थक चांगला मुलगा आहे, वाइन पार्कच्या कंपनीत कायम आहे, हेही मान्य. पण गुन्हा केला त्या पोराने आणि घर सोडायचं आपल्या पोरीने. आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

बारावीचा निकाल लागला. तिला एकाहत्तर टक्के, हर्षालीला अडुसष्ट. या वेळी पेढे आणलेस का?

मैना

१७ मे २०२५

दादा,

पंधरा तारीख गेली. तुझ्याकडून काही आलं नाही. हर्षालीच्या पप्पांना विचारलं, काय करू. ते म्हणाले, "माहेर तुझं आहे, तूच ठरव." हा माणूस आयुष्यात एकदा तरी सरळ सल्ला देईल या आशेवर मी एकोणीस वर्षं काढली.

सोळाला सकाळी ग्रामपंचायतीत गेले. आमचे ग्रामसेवक मनोज भाऊसाहेब, खेड्यात बालविवाह थांबवायचा अधिकार त्यांनाच असतो. त्यांनी पत्रिका पाहिली, मोबाइलमधला दाखल्याचा फोटो पाहिला. म्हणाले, "ताई, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक जून दोन हजार सात आहे. मी काय करू? उद्या तुमचे भाऊ मलाच कोर्टात ओढतील." त्यांचंही चुकत नव्हतं. मी त्यांच्याच समोर बसून एक शून्य नऊ आठ लावला. मुलांसाठीचा हा नंबर मी अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घेतलाय, आणि तो आपल्या घरासाठी लावताना मीच एक आकडा चुकले. पलीकडच्या मुलीने मुलीचं नाव विचारलं, पत्ता विचारला, मग विचारलं, "तुमचं मुलीशी नातं?" मी आत्या म्हणाले. ती म्हणाली, "बरं झालं, फोन केलात."

आज जिल्हा बाल संरक्षण कक्षातून वेदिका नावाची समुपदेशक आली. सव्वीस-सत्तावीसची पोर, पाठीला सॅक, पायात बूट, एसटीने उतरून उन्हात चालत वस्तीवर आली. मुलं खिचडी खात होती, तीही त्यांच्यातच बसली. मग वही काढून एकेक विचारू लागली. संजना फोनवर काय बोलली, आवाज कसा होता, घरात कोण काय म्हणतं. मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "दाखल्यावर ही तारीख कुठून आली, ताई?"

मी म्हणाले, "शाळेने लावली असेल."

तुला मी एवढं मोठं पत्र लिहून कबूल केलं, आणि जिथे कबूल करायला हवं होतं तिथे शाळेवर ढकललं. माझी मदतनीस नवसाबाई चुलीपाशी उभी होती. वेदिका गेल्यावर तिने पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "ताई, खरं का नाय सांगितलं? तवा कागद लिव्हला तवा मी हितंच व्हते."

"नोकरी जाईल, नवसाबाई."

"नोकरी जाईल का नाय ते मला म्हाईत नाय. पन पोरगी तर जाईलच."

बाई तिसरी शिकलेली आहे. मी तिच्यावर साहेबी करते.

हे पत्र आधी पेटीत टाकणार आणि मग वेदिकाला फोन करणार. पत्र गेलं की मला मागे फिरता येणार नाही, माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

मैना

२५ मे २०२५

दादा,

वेदिका, एक पोलीसबाई आणि बालविकासच्या मॅडम तुझ्याकडे येऊन गेल्या, ते कळलं. तू काय बोललास तेही कळलं. "माझी बहीण मेली," म्हणालास. मी जिवंत आहे, दोन वेळा जेवते, ही तुझ्या माहितीसाठी नोंद.

बहिरूकाका पुन्हा आले होते. या वेळी चहा घेतला नाही. "आपलेच दात, आपलेच ओठ," म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मैने. तू समद्या जिल्ह्याला उघडून दावली." मी म्हणाले, काका, मुठीत पोरगी आहे, ती गुदमरते. ते काठी टेकत निघून गेले. गावात आता मला दोनच घरं हाक मारतात. परवा पिठाच्या गिरणीत तुझ्या चुलत सासूने माझा डबा मागे सरकवला. मी तो परत पुढे ठेवला आणि दळण झाल्यावरच हलले.

वेदिकाला मी सगळं सांगितलं. ती रागावेल वाटलं होतं. तिने नुसतं विचारलं, "सिद्ध कशाने होईल?" कारण दाखल्यापुढे माझ्या तोंडाच्या शब्दाला किंमत नाही. आणि संजनाचा जन्म ग्रामपंचायतीत कधी नोंदवलाच गेला नाही. ती आठव्या महिन्यात घरातच झाली, तू आज जातो उद्या जातो करत राहिलास, आणि राहून गेलं.

तर मी ट्रंक उघडली. अंगणवाडीचं सगळं काम मोबाइलवर आलं, तेव्हा जुनी रजिस्टरं रद्दीत घाला असं वरून सांगितलं होतं. मी घातली नव्हती. नियमाने वागणारी बाई म्हणून माझं नाव आहे, आणि माझ्या हातून झालेले दोन नियमभंग एकाच पोरीपायी झाले. एकाने तिला खड्ड्यात घातलं, दुसरा वर काढेल का बघू. २००८ चं वजनाचं रजिस्टर वाळवीने एका कोपऱ्यात खाल्लं होतं, पण ते पान शाबूत आहे. ३० ऑक्टोबर २००८. मुलगी. आईचं नाव सविता संतोष. वजन एक किलो नऊशे. शेऱ्याच्या रकान्यात मी एक शब्द लिहिला होता. तुला तो आठवतो का, बघ.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते, कारण ती तुला कधीतरी कळेलच, आणि माझ्याकडून कळलेली बरी. वेदिका तुझ्या घरून निघाली तेव्हा वहिनी चपला सरळ करायचं निमित्त करून तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली, आणि पदराखालून संजनाचं लसीचं कार्ड तिच्या हातात दिलं. पहिल्या लशीची तारीख नोव्हेंबर २००८. नर्सबाईची सही. सोळा वर्षं ते तिने लुगड्याच्या घडीत जपलं होतं. वहिनी एक शब्द बोलली नाही. तू तिला एक शब्द बोलू नकोस.

गुरुवारी एकोणतीसला बाल कल्याण समितीपुढे सगळ्यांना बोलावलंय. मी माझ्या खोट्या पत्राची कबुली लिहून नेणार आहे. भेटू.

मैना

३० मे २०२५

दादा,

काल आपण एका बाकावर बसलो होतो, मध्ये तुझी पिशवी. दीड तासात तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. तुझी मान जरा आखडल्यासारखी वाटली, झोपेत उशी बदललीस का?

संजनाला आत वेदिकाबरोबर वेगळ्या खोलीत नेलं. ती काय बोलली ते आपल्याला सांगितलं नाही, आणि ते योग्यच आहे. तिच्या वयाच्या पोरीला पहिल्यांदा कुणीतरी आईबाप आणि आत्या सगळ्यांना बाहेर बसवून विचारलं, बाळ, तुला काय हवंय. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चाल सरळ होती.

मग मला बोलावलं. मधल्या खुर्चीवरच्या मॅडमनी माझी कबुली वाचली आणि म्हणाल्या, "खोटं पत्र तुम्ही स्वतः दिलं, असं लिहून देताय. परिणाम माहीत आहेत?" मी म्हणाले, "माहीत आहेत. म्हणून दोन प्रती आणल्यात, एक आमच्या कार्यालयाला पाठवा." लेखनिक हसला, मग मॅडमकडे बघून थांबला.

तुला विचारलं, मुलीचा जन्म कधीचा. तू जमिनीकडे बघत म्हणालास, "दाखल्यावर आहे तोच." तुझा वकील म्हणाला, रजिस्टर काय, नंतरही लिहिता येतं. आत्याचा आकस आहे, पत्रिकेत नाव घातलं नाही म्हणून ही सगळी उठाठेव. खोलीत सगळे माझ्याकडे बघू लागले. मला राग आला होता हे खरंच होतं ना.

मॅडमनी रजिस्टर उलटसुलट पाहिलं. मग चष्मा वर करून वाचलं, "वजन एक किलो नऊशे. शेरा: ओवाळणी. हे ओवाळणी काय आहे?"

मी बोलणार होते. तेवढ्यात तुझा आवाज आला.

"ते मी म्हणालो होतो, मॅडम."

वकिलाने तुझा हात दाबला. तू सोडवून घेतलास.

"भाऊबीज होती. ही ओवाळायला आली होती, तेवढ्यात आतून आरडाओरडा झाला. पोरगी झाली, हाताएवढी. सुईण म्हणाली, काही खरं नाही. ही अंगणवाडीतून काटा घेऊन आली, झोळीत घालून वजन केलं. माझ्याकडे ताटात टाकायला काही राहिलंच नव्हतं. मी पोरगी हिच्या हातात दिली. म्हणालो, ही घे ओवाळणी, हिला जगव."

मॅडमनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. वेदिकाने नंतर समजावून सांगितलं. मुलगी अल्पवयीन धरली आहे, अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न नाही, तसं हमीपत्र तू आणि वहिनीने द्यायचं, मुलगी आपल्याच घरी राहील, शिकेल, आणि दर महिन्याला वेदिका येऊन भेटेल.

तू सही केलीस आणि तडक निघून गेलास. जिन्यात वहिनीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तू पाहिलं नाहीस.

तू गप्प बसला असतास तर कदाचित हरले असते मी. लग्न मी थांबवलं नाही दादा, तू थांबवलंस. हे मी गावात सांगत फिरणार आहे, तुला आवडो न आवडो.

मैना

२ सप्टेंबर २०२५

दादा,

तीन महिने तू गप्प, म्हणून मीही गप्प होते. आता राहवत नाही.

माझं सांगते. नोटीस आली, चौकशी झाली. जुलैपासून तीन महिने कामावरून दूर ठेवलंय आणि शिक्का जमा करून घेतला. शिक्षा रास्त आहे, मी तक्रार केली नाही. फक्त सकाळी दहाला मुलं घरासमोरून अंगणवाडीत जातात आणि मला हात करतात, तेव्हा मी घरात जाऊन भांडी घासते. घासलेलीच परत घासते. नवसाबाई रोज येऊन सांगते, कुणाचं वजन वाढलं, कुणाला खोकला आहे. ती सगळं तोंडपाठ आणते.

सार्थकचा फोन आला होता. "आत्या, मला ती सोळाची हाय हे म्हाईत नव्हतं. माझी बहीण अकरावीला हाय." बस, एवढं बोलला. मी म्हणालेच होते, मुलगा चांगला आहे.

त्या बंटीचं तुला वहिनीने सांगितलं असेलच. संजनाने स्वतः तक्रार लिहिली, फोटो निघाला. पोलीस ठाण्यात कळलं, तो स्वतः सतराचा. त्याची आई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसली होती. आता त्यालाही दर शनिवारी समुपदेशनाला यावं लागतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वेदिकावर भडकले, म्हणाले, त्याला कसले लाड? ती म्हणाली, "ताई, आज तो सुधारला नाही तर उद्या कुणाच्या तरी दुसऱ्या मुलीचा फोन येईल मला." तिला नावं ठेवायला मला जागाच सापडत नाही, मोठी पंचाईत आहे.

आणि हर्षाली एक सांगते. ती आणि संजना गंगापूर रोडच्या कॉलेजात एकाच वर्गात आहेत, ते तुला माहीत आहेच. ती म्हणते, मामा रोज सकाळी बसथांब्यावर येतो. बोलत नाही. संजना बसमध्ये चढेपर्यंत पिशवी धरून उभा राहतो, बस वळली की ऑफिसला जातो.

एवढंच हवं होतं, दादा. एवढीच राखण तेव्हाही पुरली असती.

मैना

१५ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल पोस्टमन पाकीट घेऊन आला. वरचं अक्षर बघून मी ते उघडायच्या आधी हात धुतले. आत चिठ्ठी नाही. उलटून पाहिलं, झटकून पाहिलं. उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज फक्त, तुझ्या हाताने भरलेला. मुलीचे नाव संजना. जन्मदिनांक ३० ऑक्टोबर २००८. जन्मस्थळ राहते घर, माळवस्ती. साक्षीदाराची जागा रिकामी, आणि तिच्यापुढे पेन्सिलने छोटी फुली.

माझा दहावीचा फॉर्म भरताना तू अशीच फुली मारून दिली होतीस. "इथे कर सही, वेंधळे." मला वाचता येत होतं तरी.

सही केली आहे. करण्याआधी दोनदा वाचलं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मी कुठेही सही ठोकत होते, आता पोस्टमनच्या पावतीवरसुद्धा विचार करून करते. रजिस्टरच्या पानाची प्रत आणि माझं प्रतिज्ञापत्र सोबत जोडलंय. हा दाखला निघाला की मग बोर्डाकडे दुरुस्तीला जायचं. वेदिका म्हणते, खेटे घालावे लागतील, वर्षसुद्धा जाईल. घालू. एक ओळ चुकीची लिहायला मला दोन मिनिटं लागली होती, पुसायला जितकी वर्षं लागतील तितकी मी देईन. आणि हर्षालीचीही तारीख सरळ करायची आहे, ती आतापासूनच खऱ्या वाढदिवसाला काय पाहिजे ते सांगत बसलीय.

एक तारखेपासून मी कामावर परत आले. पहिल्याच दिवशी सखुबाई आली. मला वाटलं, भांडायला. तिने धाकट्या नातीला पुढे केलं, म्हणाली, "हिचं नाव लिव. आन् तारीख खरी लिव."

गुरुवारी तेवीसला भाऊबीज. जिला भाऊ नसतो ती बाई चंद्राला ओवाळते. नवसाबाई म्हणाली, "ताई, औंदा चंद्रालाच ओवाळा, त्यो काय ब्लॉक करत नाय." मी चंद्राला ओवाळणार नाही. मला भाऊ आहे, त्याने भरलेला कागद माझ्यापुढे आहे. मी पाट मांडणार, रांगोळी घालणार, ताट करणार आणि निरांजनात तूप घालत बसणार, मग कितीही वाजोत.

ताटात टाकायला काही आणू नकोस. सतरा वर्षांपूर्वी दिली होतीस ना, तिलाच फक्त बरोबर घेऊन ये.

तुझी
मैना